फुलसिंगाची खुर्ची

माझा बाप जळका माणूस होता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हे तो स्वतःच सांगायचा, आणि तेही ऐटीत. "मी चुलीसारखा जळतो. झाकूनपाकून नाही जळत," असं त्याचं म्हणणं. त्याचं नाव उकंडा. पोरं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे असली नावं ठेवत. माझंही आधीचं नाव दगडीच होतं. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, तेव्हा बापानं मला सत्यशीला केलं. स्वतःचं नाव मात्र बदललं नाही. "या वयात नव्या नावानं मले हाक कोन मारन?" म्हणाला.

आमचं गाव दारव्ह्यापासून दोन कोसांवर. गाव आणि आमची वस्ती यांच्यामध्ये आखर, म्हणजे गुरं बसायची मोकळी जागा, आणि आखराच्या आमच्या बाजूला एक जुनी चिंच. पोळा त्या आखरावरच भरतो. दोन बल्ल्या रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखाली गावभरचे बैल झुली पांघरून, शिंगं रंगवून ओळीनं उभे करायचे, गड्यांनी एकमेकांवर झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवनं, म्हणायच्या, आणि या सगळ्यात डफडं वाजत राहायचं. ते डफडं तीस वर्षं माझ्या बापाचं होतं.

बाप डफडं वाजवायचा म्हणजे नुसता बडवायचा नाही. आधी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर कातडं शेकायचा, बोटानं टिचकी मारून कानाजवळ धरायचा, पुन्हा शेकायचा. उजव्या हातात जाड काडी, डाव्या हातात बारीक. लग्नाचा ठेका वेगळा, देवीचा वेगळा, पोळ्याचा वेगळा, मयतीचा वेगळा. आमच्या वस्तीतल्या बाया चुलीपुढे बसून, डोळे धुरानं भरलेले असताना सांगायच्या, की गावात आज वरात आहे का कोणी गेलं. बापाची समजूत अशी, की सारं गावच असं ऐकतं. पाटलाच्या घरापासून तेल्याच्या घाण्यापर्यंत त्याच्या हाताची पारख सगळ्यांना आहे, असं तो छातीठोक सांगायचा.

आणि पारख असलेल्या या गावात त्याला मान काय मिळायचा, तर पोळा फुटल्यावर बबनराव पाटलाच्या वाड्याच्या पायऱ्यांखाली उभं राहायचं. पुरणाची पोळी वरून ओंजळीत पडायची. चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला. बापानंच तो काढायचा, बापानंच धुवायचा, आणि परत कोनाड्यात ठेवायचा.

दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीची बैठक झाली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावासाठी डफडं वाजवायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांत आधी उठला तो माझा बाप. घरातून डफडं आणलं, विळ्यानं कातडं उभं चिरलं आणि लाकडाचं कडं आईच्या चुलीत घातलं. कोणी त्याला भाग पाडलं नव्हतं. ते सोडलं ते योग्यच केलं, आजही मी हेच म्हणीन, आणि शेवटपर्यंत तोही हेच म्हणत होता. फक्त दोन काड्या त्यानं छपराच्या कुडात खोचून ठेवल्या. आईला ते ठाऊक होतं. माझी आई तुळसाबाई, तिला घरातलं सगळंच ठाऊक असायचं, ती बोलायची मात्र महिन्यातून एखाद्या वेळी.

सत्तावन्नचा पोळा मुका गेला. पोरांनी घासलेटचे डबे बडवले, बैल बुजले, झडत्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. बाप चिंचेखाली बसून सगळं पाहत होता. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. "आता समजन त्याईले, उकंडा काय चीज होती," म्हणाला.

समजलं काही नाही. पुढच्या पोळ्याला बबनरावानं फुलसिंगाला आणलं.

फुलसिंग अर्ध्या कोसावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला. पंचविशीचा, उंच, हसरा, घरची कोरडवाहू शेती. होळीला तांड्यात सकाळपासून फेर धरून लेंगी गातात, तेव्हा डफ त्याच्याच हातात असायचा, आणि त्याचा आवाज वारा असला तर आमच्या चिंचेपर्यंत यायचा. बबनराव त्याला म्हणाले, होळीले वाजवतं तसं पोळ्याले वाजव. तो बिचारा हौशी, आला.

आणि त्यानं होळीचाच ठेका धरला. उडता, नाचरा, पायाला भिंगरी लावणारा. तोरणाखालचे बैल कान टवकारून एकमेकांकडे पाहायला लागले. पूजा व्हायच्या आतच एका गोऱ्ह्यानं उडी घेतली, त्याच्यामागे दुसऱ्यानं, तोरण तुटलं, पाटलीणबाईंची आरती जमिनीवर. बाप चिंचेला पाठ लावून इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "गाढवाले गुळाची चव काय!" असं फुलसिंगाला उद्देशून तीन वेळा म्हणाला. दोन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग बबनरावानं फुलसिंगाच्या डोक्याला फेटा बांधला. त्याला वाड्यावर नेलं, पायऱ्या चढवल्या, ओसरीवर लोखंडी खुर्ची टाकली, आणि कपबशीतून चहा दिला. चिंचेखालून वाड्याची ओसरी सरळ दिसते. बापाचं हसू तिथेच थांबलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात ती खुर्ची आली. म्हणजे खरी नाही, बोलण्यात. भाकरी थापताना खुर्ची, निंदायला जाताना खुर्ची. मी तेव्हा दारव्ह्याला मामाकडे राहून शिकत होते, सोळा वर्षांची होते. सुट्टीत आले की बाप आधी अभ्यासाचं विचारायचा आणि मग हळूच तिकडे वळायचा.

"तू पाटलाच्या घरावरून आली न वो? ती खुर्ची पाह्यली का?"

"पाहिली, बाबा."

"तिले हात आहेत का?"

"आहेत."

"हात बी आहेत!" असं म्हणून तो पुन्हा वाड्याच्या दिशेनं पाहायचा.

मी चिडायचे. म्हणायचे, बाबा, तुम्हीच तर सोडलं ना? कोणी हिसकून घेतलं का? तर म्हणायचा, "सोडलं त्याचं दुःख नाही, पोरी. माह्या हातात डफडं होतं तं मी पायरीखाली. तेच डफडं त्याच्या हातात गेलं तं तो खुर्चीत. मंग खोट डफड्यात नव्हती न? मंग कशात होती?" कशात, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

हे झालं शहाण्या माणसासारखं बोलणं. पण जळका माणूस शहाणपणावर थांबत नाही. बाप फुलसिंगाच्या चालण्यावर बोलायचा, त्याच्या फेट्यावर बोलायचा, त्याच्या काडी धरण्यावर तर तासभर. "बारीक काडी अशी धरते जशी चिलीम धरली." आई एकदाच म्हणाली, "वाजवनं सोडलं, आता दुसऱ्याचं आंगन वाकडं दिसून राह्यलं." त्यावर बाप दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. एकोणसाठच्या पोळ्याला पुन्हा फुलसिंग, पुन्हा फेटा, पुन्हा खुर्ची. या वेळी बैल उधळले नाहीत, तर बापाला त्याचंही वाईट वाटलं.

साठच्या आषाढात एके दिवशी फुलसिंग स्वतः आमच्या दारात उभा. मी घरीच होते. बापानं बस म्हटलं नाही. तो आपला आपणच खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसला. आईनं विचारलं, पाणी देऊ का, आमच्या घरचं चालेल का. "द्या न याडी, घसा सुकला," म्हणाला, तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि आमच्याच गडव्यानं गटागटा प्याला. मग बापाकडे वळला.

"काका, मले पोळ्याचा ठेका शिकवा."

"तुले तं येते न. फेटा भेटते, खुर्ची भेटते."

"फेटा भेटते. पन माह्यं काहीतरी चुकून राह्यलं, काका. बैलाचं पाऊल माह्या हातात येत नाही. लोक म्हनतात चांगलं वाजवलं, मले समजते का नाही वाजवलं."

बाप म्हणाला, "मी सोडलं ते. मले इचारू नको." फुलसिंग उठून गेला. आठ दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आला तेव्हा खांद्यावरच्या दुपट्ट्यात शेतातली वाळकं बांधून आणली होती. बापानं एक वाळूक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि एकदम म्हणाला, "ऐतवारी नाल्यावर ये. डफडं तुह्यं तू आन. मी हात लावनार नाही. तोंडानं सांगन."

आई चाट पडली. मला वाटलं, चला, विझली एकदाची आग. पण खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. मी लहान असताना त्या काड्यांना हात लावला तर बापानं माझ्या बोटांवर मारलं होतं. पोरीच्या जातीनं डफडं धरायचं नाही म्हणे. आणि हा परका पोरगा, वाळकाच्या बदल्यात, तीन रविवार माझ्या बापाला घेऊन नाल्यावर बसणार! मी त्या तीन रविवारी बापाशी नीट बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही. नाल्यावरून येताना तो शीळ घालत यायचा.

पोळ्याच्या दिवशी दुपारी उन्हं कलायला लागली तसे बैल आखरावर यायला लागले. घुंगरांचा, घागरमाळांचा आवाज, शिंगांना हिरवा-तांबडा रंग, कपाळाला बाशिंगं. बाप अंगात धुतलेला सदरा घालून चिंचेखाली गेला. मला म्हणाला, "चाल, मजा पाह्य." मला त्याच्या तोंडावरचा आनंद आवडला नाही. साठीकडे झुकलेला माणूस, आणि शेजाऱ्याच्या कोंबड्या सोडून देणाऱ्या पोरासारखा हसत होता.

तोरण बांधलं. फुलसिंगानं डफडं शेकलं, अगदी बापासारखं, टिचकी मारून, कानाजवळ धरून. मग जाड काडीचे दोन ठोके पडले. मग जागा. मग बारीक काडीचा एकच. मग पुन्हा दोन.

मला काही कळलं नाही. मला एवढंच वाटलं, की हे फारच सुरेख आहे. पण आमच्या मागे वस्तीत दारं वाजली. एकेक बाई बाहेर आली. कोणाच्या हातात पीठ, कोणाच्या कडेवर पोर. "कोन गेलं वो? कोन गेलं?" म्हातारे डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. माझी आई परातीतले हात तसेच घेऊन आली, पदर डोक्यावर ओढला, आखराकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"हा मयतीचा ठेका आहे," ती म्हणाली. "तुमी शिकोलं त्याले हे."

बापाचे डोळे आखरावर होते. खांदेकऱ्यांची चारही पावलं एका वेळी पडावीत म्हणून तो ठेका असतो, दोन ठोके, एका पावलाची जागा, आणि एक ठोका. नाल्यावर त्यानं फुलसिंगाला सांगितलं होतं, हे बैलाचं पाऊल आहे. तांडा गावापासून वेगळा, फुलसिंग गावच्या मयतीला कधी आलेला नव्हता, त्याला काय ठाऊक. बापाचा हिशेब सरळ होता. सणाच्या दिवशी, भरल्या आखरावर मयतीचा ठेका वाजेल, गाव खवळेल, पाटीलबुवा चाबूक घेऊन धावतील, आणि त्या खुर्चीचे चारही पाय मोडतील.

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. आमची सगळी वस्ती मान खाली घालून, आणि समोर सगळं गाव.

गाव नाचायला लागलं. आधी दोन-चार गडी, मग पोरं. एकानं झडती म्हटली, दुसऱ्यानं उलट म्हटली, हशा पिकला. बबनराव पाटील तोरणाजवळ उभे होते, ते ठेक्यावर मान डोलवत होते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांची मयत निघाली तेव्हा पुढे माझा बाप होता, हाच ठेका होता, आणि मडकं धरून मागून चालणारे हेच बबनराव होते. आता त्यांनी फेटा उचलला, फुलसिंगाच्या डोक्याला बांधला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! आज उकंड्याची आठवन करून देली!" टाळ्या पडल्या.

मी बापाकडे वळले. तो चिंचेच्या मुळावर बसला होता. रागावलेला नव्हता, लाजलेलाही नव्हता. बाजारात आपला म्हणून हात धरावा आणि माणूस परका निघावा, तसं त्याचं तोंड झालं होतं.

त्या संध्याकाळी वस्तीनं त्याला बोल लावले. सोडलेलं शिकवलंस कशाला, आणि शिकवलंस तर असं कशाला. बाप सगळ्यांचं ऐकून घेत होता. मध्येच एकदा म्हणाला, "एकालेही नाही समजलं. तीस वर्सं." लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला. एक एक करून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली पोरं लाकडी बैल ओढत घरोघर हिंडत होती आणि फुलसिंग आमच्या दारात आला. फेटा घडी करून हातात धरला होता. खाली बसला.

"काका, ठेका तं बसला. पाऊल बी हातात आलं. पन एक गोष्ट इचारू का? वाजवता वाजवता मले माहा लहान भाऊ आठवला, जो मागच्या साली गेला. घरी गेलो तं जेवन गेलं नाही. सनाच्या ठेक्यानं रडू काहून येते?"

बापानं आईकडे पाहिलं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. मग त्यानं सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, खुर्चीचं सांगितलं, जळण्याचं सांगितलं, मयतीचं सांगितलं.

फुलसिंग उभा राहिला. उंच माणूस, छपराला डोकं लागत होतं. मला वाटलं, आता हा हात उचलणार, आणि उचलला असता तर माझ्या बापाच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. तो म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी माह्या हातून मयत वाजोली तुमी. घरी माही माय आहे, लेकरू आहे. काही इपरीत झालं असतं तं?" बाप म्हणाला, "मार मले." फुलसिंग दारापर्यंत गेला. तिथे थांबला.

"मंग कोनी काहून नाही म्हनलं काही? पाटील तिथंच उभा होता."

"तेच तं," बाप म्हणाला. "तूच एकटा म्हनून राह्यला."

मग फुलसिंग परत आला आणि खाली बसला. "आता खरा सांगा," म्हणाला, "आन आता मी याडीले इचारून घेईन, खरा आहे का नाही." बापानं कुडातून दोन काड्या काढल्या. डफड्याला हात लावायचा नाही हे त्यानं त्या दिवशीही पाळलं. आईचा पोळपाट ओढला आणि त्यावर वाजवायला लागला. चार वर्षांनी वाजवत होता. आईनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण तिच्या हातातलं काम थांबलं होतं. ठेका पुरा झाल्यावर तिनं नुसती मान हलवली. फुलसिंगानं ती मान पाहिली आणि मगच काडी हातात घेतली.

एकसष्टच्या पोळ्याला त्यानं खरा ठेका वाजवला. बारीक काडी सरीसारखी एकसारखी चाललेली, आणि जाड काडी बैलाच्या खुरासारखी मोजून पडणारी. म्हातारे बैल डुलायला लागले. वस्तीतल्या बाया दारात आल्या आणि या वेळी हसल्या. गाव नाचलं, तेवढंच नाचलं, जेवढं मयतीवर नाचलं होतं. पाटलानं फेटा बांधला, टाळ्या पडल्या, ओसरीवर खुर्ची पडली. पण फुलसिंग पायऱ्यांपाशी जाऊन मान वळवून चिंचेकडे पाहत होता. बापानं हात वर केला, बरोबर आहे म्हणून. तेव्हा कुठे तो वर चढला.

मला वाटलं, आता तरी याचं जळणं संपलं असेल. संध्याकाळी दिवेलागणीला जेवायला बसलो तर तोंड पाडून बसलेला. भाकरी मोडेना.

"आता काय झालं?" मी विचारलं. "अजून खुर्चीच का?"

"खुर्ची गेली चुलीत," तो म्हणाला. "मले फुलसिंगाचाच हेवा वाटून राह्यला. पन खुर्चीचा नाही. त्याले आयकनारा तं आहे चिंचेखाली. ठोका चुकला तं सांगनारा, जमला तं हात वर करनारा. मी तीस वर्सं वाजोलं, पोरी. माह्या वक्ती त्या चिंचेखाली कोन होतं?"

मी काही बोलणार तेवढ्यात आईनं तव्यावरची भाकरी उचलून त्याच्या ताटात टाकली. टाकली म्हणजे जरा जोरातच टाकली.

"मंग मी काय बहिरी होती?" ती म्हणाली.

बाप तिच्याकडे पाहत राहिला. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली आणि वर पाहिलं नाही. "कालवन थंडं होऊन राह्यलं," ती म्हणाली, "जेवा."